पाचवं ठाणं

रात्री दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी
बिश्केकच्या आमच्या खोलीत
चार ठाणी एकदम बोलली.
पाचवं गप्प.
तिथली रेघ आदल्या संध्याकाळपासूनच सपाट,
इस्त्री केल्यासारखी.

चार ठाण्यांवर भूकंप सापडतो, नाही असं नाही;
पण चारही एकाच अंगाला, डोंगराच्या उत्तरेला.
नकाशावरचा शंकेचा डाग पसरत पसरत
अख्खं नारिनचं खोरं गिळून बसला.

सकाळी इशेनबायला फोन लावला.
त्याला महिन्याला दोन हजार सोम मिळतात
तळघराची किल्ली सांभाळायचे,
सौरपट्टीवरचं बर्फ झाडायचे.
"बॅटरी मी नेली," म्हणाला, सरळच.
"घोडी अडली होती. शिंगरू पायाळू.
अंधारात हात घालू कुठं?"

मी नियम सांगू लागले. त्यानं ऐकून घेतले.
"सायकाल, हादरा मीही मोजला.
आधी घोडीचे कान उभे राहिले.
मी मनात आकडे म्हणत गेलो,
हात कोपरापर्यंत तिच्या आत.
सातावर किटलीचं झाकण वाजलं,
भिंतीतून माती गळली.
तेवढा वेळ तिनं कळ धरून ठेवली.
मग पुन्हा जोर केला."

सात.
पहिली लाट, दुसरी लाट, मधे सात सेकंद;
गुणिले आठ, छप्पन किलोमीटर.
कोणी बघत नाहीसं पाहून
लेकीच्या दप्तरातला कंपास काढला
आणि पेन्सिलीनं एक वर्तुळ ओढलं.
ते बाकीच्या चारांना भेटलं. नेमकं नाही;
म्हाताऱ्याचे सेकंद थोडे लांब असणार,
थंडीत, ओल्या हातानं मोजलेले.
पण खोरं सुटलं. गावं सुटली.
उरली एक खिंड, जिथं मेंढरंही जात नाहीत.

नोंदवहीत घोडीला रकाना नाही.
मी लिहिलं: पाचवं ठाणं बंद. कारण, बॅटरी.
वर्तुळ खोडरबरानं पुसलं,
कागदावर चरा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेघ हलली.
भूकंप नव्हे. टप्, टप्-टप्,
बराच वेळ काही नाही, मग टप्.
तळघराच्या छपरावर कोणीतरी
धावायला शिकत होतं.
अशा रेघेवर खूण करायची असते,
म्हणजे यंत्र फसत नाही.
मी "गुरं" लिहिलं, रोजच्यासारखं.
मग ते खोडून "शिंगरू".