नोंदणी न केलेली प्रत

रुवीत आम्ही एका खोलीत सहा जण होतो,
म्हणजे पाच जण आणि मुश्ताक परकार.
दाभोळचा. दिवसा स्टोअरकीपर,
वॉशर, गॅस्केट, अर्ध्या इंची एल्बो मोजणारा.
कंपनीनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर
त्यानं बारा रियालला उचलला
आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन आला,
दवाखान्यातून पोर आणावं तसा.

आल्या आल्या आतल्या स्पीकरची वायर तोडली.
कासिम रात्रपाळीचा, बाळगी पहाटेच्या बसचा,
कुणी ना कुणी कायम झोपलेलं.
म्हणून त्याच्या एकाही खेळाला आवाज नाही.
बॉम्ब फुटतो, मुकाट.
माणूस विहिरीत पडतो, मुकाट.
पुढे नॉर्वेच्या कुणीतरी पत्रात लिहिलं,
या शांततेत काहीतरी खोल आहे.
मुश्ताक म्हणाला, खोल कसलं,
खोली आहे रे.

पडद्याला रंग चारच:
काळा, पांढरा, फिरोजी आणि राणी.
मत्रहचा समुद्र त्यात फुकटात बसला.
हिरवा मात्र नव्हता.
त्यामुळे 'तर' नावाच्या खेळात
खाडीकाठचे झाडून सगळे माड राणी रंगाचे,
आणि तीन-तीन वर्षं रजा न मिळालेले आम्ही
मागे उभे राहून म्हणायचो,
हुबेहूब.

'फलज'मध्ये पाण्याला बागेपर्यंत न्यायचं,
उन्हानं पिऊन टाकायच्या आत.
'बकरी'त बकरी सापडायचीच नाही.
ती चूक होती. दोन रात्री शोधून दमला,
मग त्यानं तोच नियम केला.

तीन लेव्हल फुकट.
पुढचं हवं असेल तर पाच डॉलर,
पोस्ट बॉक्स नंबर अमुक, रुवी.
इंग्रजी बाळगीनं तपासलं.
'कृपया' दोनदा आलंय म्हणाला,
मुश्ताकनं ते तसंच राहू दिलं.
अकरा वर्षांत ज्यानं अरबाबाकडे
पन्नास बैसे वाढवून मागितले नाहीत
तो आता अख्ख्या जगाकडे पाच डॉलर मागत होता.

खरं तर पुढचं काही नव्हतंच.
हे एकट्या मला ठाऊक, कारण तपासनीस मी;
मरून मरून दाखवायचं काम माझं.
पहिलं पाकीट आलं त्या गुरुवारी
कार्बन पेपरात गुंडाळलेली नोट
तो बराच वेळ उन्हात धरून उभा होता.
मग घाबरला.
नऊ रात्री जागून, त्या एका माणसासाठी,
सात लेव्हल बांधल्या.
पत्ता मी लिहिला, माझं अक्षर बरं म्हणून.
सगळी मिळून पाकिटं आली चौदा.
एकात पैसे नव्हते,
नुसतं बकरीचं चित्र होतं, हिरव्या पेन्सिलीनं.
ते त्यानं पासपोर्टमध्ये ठेवलं.

यंदा भाच्याकडे आलो, टुरिस्ट व्हिसावर.
तो बॉक्स आता कुठल्याशा टायरवाल्याचा आहे.
मुश्ताक जुबैलला गेला होता, एवढंच कळतं,
पुढचं कुणाला ठाऊक नाही.
पण भाच्यानं कुठून तरी मिळवून
लॅपटॉपवर तो काळा पडदा उघडून दिला.
'रात्रपाळी'. हा मी कधी खेळलो नव्हतो,
माझा करार संपल्यावर लिहिलेला.
माणूस रात्री दोनला परततो.
कुणाला न उठवता आपल्या खाटेपर्यंत जायचं,
बस्स, एवढाच खेळ.
तिसऱ्या खाटेवरच्याचा पाय
चादरीबाहेर, ऐन वाटेत,
चार पांढऱ्या ठिपक्यांचा.
सात वेळा मी तिथेच अडखळलो,
सात वेळा सगळी खोली उठून बसली, मुकाट.
आठव्यांदा ओळखलं.

टेबलाखाली माझा पाय
मी हळूच आत ओढून घेतला.