डावी बाजू

कपिलतीर्थ मंडईतली गाजरं
उभी चिरायची, चकत्या नाहीत.
चकती नरड्यात अडकते, दस्तगीरचाचा सांगायचे,
आणि लांब तुकडा असला
की आपली बोटंही आपलीच राहतात.
गूळ खायला नाही, नुसता वासाला.
तळव्याला चोळून ठेवायचा.

कवडी तेव्हा सोळा वर्षांची.
रंकाळ्याच्या काठानं पोरांना फिरवून फिरवून
एकाच अंगाला वळायला शिकलेली :
चौपाटीवरून निघायचं, भेळेच्या गाड्यांपाशी उजवीकडे,
मग पुन्हा उजवीकडे, की उतरा खाली.
वीस रुपयांत एक फेरी, अशी अकरा वर्षं.
डावीकडे वळ म्हटलं
तर सगळी घोडीच फिरायची,
भरलेलं कपाट सरकवावं तशी.

चाचा जुने मोतद्दार.
कुणाच्या पागेत, विचारलं तर "मोठ्या" एवढंच.
कुठल्याशा घोड्यानं आपटल्यापासून
त्यांचीही मान डावीकडे जात नसे.
हाक मारली की खांद्यासकट वळायचे.
आम्ही पोरं हसायचो.

"आदी चालीव. गार अंगाला वाकवू ने.
गार ढेप मोडत्या, वाकत न्हाई."
संध्यामठापर्यंत दोन खेपा, लगाम सैल सोडून.
मग भिंतीला लागून उभी करायची,
म्हणजे मागचा पाय काढून
फसवायला जागा उरत नाही.

पहिला तुकडा खांद्याशी.
दुसरा, तंग आवळतात तिथं.
तिसरा पार मागं, पुठ्ठ्याशी,
आणि शेवटचा पुढच्या दोन पायांच्या मधून,
खाली, नमस्काराला वाकावी तसा.

उजवीकडे सगळं फस्त.
डावीकडे मान जागच्या जागी
आणि ओठ मात्र वीतभर लांब,
वरचा ओठ, एकटाच, गाजर शोधत निघालेला.
मी वैतागून मोहरकी धरली, खेचली.
चाचांनी माझ्या हातावर चापट मारली.
"पाव्हण्याला जेवाय बोलीवतीस
का दंडाला धरून पाटावर बसीवतीस?"

पाच मोजायचे, मग गाजर सोडायचं.
मी भराभर मोजायची.
"तुजं पाच म्हंजे तिचं दोन, पोरी."

दर रविवारी तिचं नाक जिथवर पोचलं
तिथं तिच्या पांढऱ्या अंगावर
जोतिबाच्या गुलालाचं एक बोट.
पहिलं बोट खांद्याच्या अलीकडेच.
दुसरंही तिथंच, त्याच्यावरच.
तिसऱ्या रविवारी ती चिडली, गाजर तुडवलं.
दिवाळीपर्यंत चार बोटं सरकली असतील.
मध्ये एकदा आईनं सगळी धुऊन काढली,
गिऱ्हाईक विचारतं, घोडीला लागलंय काय.

मग पौषातली एक संध्याकाळ.
पाठीवर सांगलीकडचा एक गुबगुबीत मुलगा,
डाव्या हातात भाजलेलं कणीस,
लिंबू, तिखट, सगळं लावून.
कवडी चालता चालता थांबली.
मान वळवली,
खांदा ओलांडून, तंग ओलांडून,
पार त्याच्या गुडघ्यापर्यंत,
आणि कणीस अलगद काढून घेतलं.
घाई नाही. ओढाओढ नाही.
पाच मोजून.

मुलगा भोकाड पसरून रडला.
त्याच्या बापानं पैसे तर दिलेच नाहीत,
वर कणसाचे मागितले.
तिखट लागून कवडी फुरफुरत होती
आणि कठड्यावर चाचा
पोट धरून हसत होते,
ती डावीकडून जात होती म्हणून
तिच्याकडे बघायला वळत होते,
खांदा आधी, नेहमीसारखा,
पण मान त्याच्या पुढं
गाजराच्या तुकड्याएवढी गेलेली.
त्यांना कळलं नाही. मी काही बोलले नाही.

त्या रात्री ते आमच्याकडे जेवायला होते.
मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले.
भाकरी जरा मागंच धरली,
आणि मोजायला लागले,
हळू.