सातवा रकाना

प्रवेश-अर्जात सहाच रकाने होते :
नाव, वय, जात, गाव, आधीची शाळा, वडिलांचा धंदा.
रजिस्ट्रार मथूताई नगरकरांनी पट्टी घेतली
आणि सातवा आखला, हाताने, साठच्या साठ अर्जांवर :
आई काय करते.

मुलींनी लिहिलं, काही नाही.
कुणी लिहिलं, घरीच असते.
एकीने नुसती आडवी रेघ.

ताईंनी अर्ज परत केले.
म्हणाल्या, आठ दिवस आईच्या मागे हिंडा.
घड्याळ नसेल तर उन्हाची तिरीप मोजा.
मग या. फी तोवर थांबेल.

आठ दिवसांनी रकान्यात जागा पुरेना.
पहाटे चारपासून हंडे, सडा, चूल,
सासऱ्यांच्या पथ्याचं वेगळं,
दिराच्या डब्याचं त्याहून वेगळं,
पायली-पायली निवडलेली ज्वारी.
आणि एका अर्जाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात :
'आई तीन घरी सोवळ्याचा स्वयंपाक करते.
मैत्रिणींना ठाऊक नाही. आपणही सांगू नये.'
खाली ताईंची लाल शाई :
'कळले. महिना किती देतात ते लिहावे.'

मग त्या स्वतःच निघाल्या.
दर रविवारी लकडी पुलावरून,
काळी छत्री, बगलेत वही, पायात पुरुषी वहाणा
(पेठेत वहाणांवरून जेवढं बोललं गेलं
तेवढं वहीवरून नाही).
भवानी पेठेत सारजाबाईंच्या उंबऱ्यावर बसल्या :
हजार विड्यांना सहा आणे,
त्यातल्या शंभर मुकादम वाईट म्हणून काढतो
आणि चांगल्या म्हणून विकतो.
कुंभारवाड्यात एक म्हणाली,
'चाक त्यांचं. चिखल माझा.'
मंडईमागे मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या ठकूबाईने
मान वर न करता विचारलं,
'आणि बाई, तुम्हाला किती देतात हे लिवायचे?'
वहीत आहे :
'प्रश्न रास्त. पंचेचाळीस रुपये.
माझ्या आधीच्या गृहस्थांना ऐंशी होते.'

मंडळाच्या सभेचं इतिवृत्तही सापडलं.
'विडीचा पाला व उच्च शिक्षण यांचा संबंध
रजिस्ट्रारबाईंनी स्पष्ट करावा.'
त्यांनी काही स्पष्ट केलं नाही.
पुढल्या वर्षी सातवा रकाना छापूनच घेतला
आणि खर्च किरकोळात टाकला.

मी हे सगळं स्कॅन करते.
कंत्राटावर. पानाला दीड रुपया.
माझी पणजी गोदू इथल्याच वसतिगृहात
भांडी घासायची, असं आजी सांगायची.
ताईंची खोलीही तीच झाडायची,
चहा तीच न्यायची.
म्हणून काम सोडून मी वही भराभर उलटत गेले.

दोनशे चौदा बायका.
एका कैकाडणीच्या टोपलीला किती काड्या लागतात, तेसुद्धा.
गोदू नाही.

बावन्नाव्या पानावर कपाचा गोल डाग आहे.
तो कप कुणी आणून ठेवला होता, ताई?
मी मोठ्याने विचारलं बहुतेक,
कारण पलीकडच्या टेबलावरच्या सोनवणे मॅडमनी चष्मा वर केला.

वही मिटताना दिसलं.
मागच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीने, तिरकं :
'गोदू. आपल्याच येथे. पहाटेपासून.
तिला विचारायचे राहून गेले.'
तारीख नाही.
लाल शाईही नाही.

पेन्सिल स्कॅनमध्ये उठत नाही.
उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला,
पुठ्ठा तीनदा काढला.
तिसऱ्यांदा 'पहाटे' तेवढं वाचता आलं.

संध्याकाळी बिल करताना
तिन्ही लावले.