निशाणं

आमच्या घरात भावंडं तीन आणि पक्ष अडीच.
अर्धा पक्ष मी, वय वर्षं नऊ.

चंद्रसेनदादा रोज सकाळी गच्चीवर
विलीन होऊन गेलेल्या संस्थानाचं निशाण चढवी;
अंगात कोट, खाली पंचा,
बिगुलवाला पगाराअभावी गेलेला,
म्हणून बिगुल तोंडानंच.
त्याच वेळी येसूअक्का गड्याला सांगे,
माझी लाल साडी माडावर बांध.
मग हे शोषण झालं, असं आठवून स्वतः चढे,
अर्ध्यावर अडके,
आणि तोच गडी तिला उतरवी.

फोंडू तांडेल होडी लोटण्याआधी दोन्हीकडे बघायचा.
मला म्हणाला, "दोनव निशाणां एकाच बाजूक फडफडतत गो.
आमका वाऱ्याचा कळता, बस झाला."

जेवताना ती दोघं एकमेकांशी बोलत नसत.
"तुझ्या भावाला सांग, मीठ इकडे सरकव."
"तुझ्या बहिणीला सांग, मीठ खोताचं आहे, चालेल का?"
निरोप नेता-आणता
माझा बांगडा गार.

कुळकायदा आला त्या वर्षी
अक्कानं खोताच्याच पडवीत
खोताविरुद्धचे अर्ज लिहायला घेतले.
कुळं उंबऱ्याबाहेरच बसली, तिनं कितीही सांगितलं तरी.
एकशे बारा अर्ज. अक्षर असं,
की ओल्या वाळूवरून कुर्ली पळाली.
वर दादा नुसता खोकत होता.

रात्री पाणी प्यायला उठले
तर कंदिलाशी दादा, मांडीवर तो गठ्ठा.
वाटलं, आता फाडणार.
तो वेलांट्या सुधारत होता.
जमिनीची मि, कुळाचा कु,
आणि एका अर्जात सर्व्हे नंबर चुकलेला,
ज्यावर तो खटला सहज जिंकला असता,
तो खोडून बरोबर लिहिला,
टीपकागद दाबला, फुंकर मारली.

मला पाहून चष्मा काढला.
"तुझ्या बहिणीला सांग,
माझ्याविरुद्ध लिहायचं, तर शुद्ध लिहावं."

अक्का पुढं कैक सभांत सांगायची
एकशे बारा अर्ज, एकही फेटाळला नाही, कसे लिहिले होते!
लोक टाळ्या वाजवत.
मी मागच्या बाकावर, हातात तिची पिशवी.

घरातले सगळे निरोप मी पोचवले,
मिठाचे, भाड्याचे, दाराला कडी लावल्याचे.
हा एक
अजून माझ्याकडेच आहे.