नावाच्या रकान्यात

डंडीच्या इस्पितळात, तळघरात, मला एक कपाट मिळालं.
आत अकरा वर्षांच्या रात्री, चकत्यांवर.
दोनशे सहा माणसं झोपलेली,
छातीला पट्टे, टाळूला तारा,
आणि त्यांचे श्वास कुणालाच वाचता येत नव्हते.

यंत्र बनवणारी कंपनी बुडाली होती.
फाइलचा साचा हे तिचं गुपित;
गेली ती किल्ली घेऊनच गेली.
माझ्या वडिलांकडे असंच एक खरेदीखत होतं, मोडीतलं.
जमीन आमची की भावकीची, ते त्यात लिहिलेलं,
आणि वाचणारा एकच, तोही साताऱ्याला.

मी बाइट मोजत बसले.
सेकंदाला दोनशे छप्पन्न टिंबं.
पहिलं हृदय उघडलं ते उलटं:
शिखरं खाली, दऱ्या वर.
एक उणे चिन्ह बदललं
तसं ते सरळ झालं आणि चालायला लागलं,
इतक्या साधेपणानं
की मी उठून चहा करायला गेले.

नवा साचा उघडा आहे. कुणाच्या बापाचा नाही.
वरती चार साध्या ओळी:
काय मोजलं, कोणत्या मापात, कधी, किती वेळ.
पुढे नुसत्या लहरी.
पन्नास वर्षांनी कुणीही यावं
आणि त्याला वाचता यावं, एवढीच अट.
नावाच्या रकान्यात मात्र एक्स.
जन्मतारखेच्या रकान्यात एक्स.
दोनशे सहा वेळा मी माणूस पुसला
आणि त्याची धडधड ठेवली.

मग चिलीहून एका विद्यार्थिनीनं विचारलं:
त्रेचाळीस नंबर, तीन वाजून बारा मिनिटं,
सगळ्या रेघा एकदम विस्कटल्यात.
बिघाड समजून कापू का?

मॉर्वेन त्या रात्री पाळीवर होती.
आता निवृत्त, ब्रॉटी फेरीला राहते.
फोनवर जरा थांबली.
"बिघाड कसला! गोदीत काम केलेला म्हातारा तो.
तारांसकट उठून बसला,
म्हणाला, बर्फ पडायला लागला का?
मी म्हटलं, नाही.
म्हणाला, वास येतोय."

साच्यात शेऱ्यांना जागा असते,
साध्या अक्षरांत, वेळेसह.
मी लिहिलं:
०३:१२. रुग्ण उठून बसला. बर्फाबद्दल विचारलं.
कापू नये.

पहाटे बर्फ पडला का,
हे मॉर्वेनला विचारायचं राहूनच गेलं.
फाइल साडेपाचला संपते.