होडी बघायला जाताना

ऊन पडलेलं असताना जाऊ नकोस, गुन्वोर.
उन्हात कुठलीही होडी नवरीसारखी दिसते.
पाऊस तिरका लागलेला असेल त्या दिवशी जा,
आणि ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी.
पोचल्या पोचल्या इंजिनावर हात ठेव.
गरम लागलं तर समज,
पहाटे कुणीतरी त्याला गुपचूप खोकून घ्यायला लावलंय.
थंड इंजिन पहिला शब्द कसा काढतं, ते ऐकायचं असतं;
नंतर सगळेच गोड बोलतात.

तळाशी साचलेल्या पाण्यात बोट बुडव, जिभेला लाव.
खारट असेल तर ठीक. समुद्र आत येतो, येणारच,
पण मीठ लाकडाला मुरवतं, राखतं.
गोडं लागलं तर मान वर कर:
डेकच्या सांध्यांतून पाऊस झिरपतो आहे,
आणि होडी कुजते ती पावसानं.

माझा चाकू ने, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेला.
फासळ्यांना टोचून बघ, तळकण्यापाशी,
वाकताना गुडघे नको म्हणतात नेमकं तिथे.
टोक अडलं पाहिजे.
लोण्यात जावं तसं गेलं
तर काही बोलू नकोस, चाकू पुसून खिशात ठेव
आणि उद्या वारा कुठला म्हणून विचार.

त्रिग्वे कॉफी देईल. दोन कप घे.
तिसऱ्या कपाला किंमत ठरते, म्हणून तिसरा नको.
तो म्हणेल, होडी स्वस्तच आहे गं,
महाग आहे तो मासे धरायचा हक्क.
खरं आहे ते. आमच्या वेळी कॉड ज्याच्या गळाला लागे त्याचा,
आता तो आधी कागदावर धरावा लागतो, बँकेत.
कर्ज किती काढतेस, मी विचारत नाही.
फक्त पहिला हप्ता मार्च उलटल्यावर लाव म्हणावं,
मासा त्यांचं कॅलेंडर बघून येत नाही.

त्याची बायको ओद्लाऊग खिडकीत असेल.
होडी वळताना ती मान वळवते का, बघ.
जी होडी माणसाला वेळेवर घरी आणते
तिच्याकडे बायका बघत नाहीत.

रंग नवा असेल. निळा.
त्याखालचा निळा माझा आहे.
तुला कुणी सांगितलं नसेल,
अकरा हिवाळ्यांपूर्वी ती मीच त्याला विकली.
‘सोलब्योर्ग’ हे माझ्या आईचं नाव.

आता नीट ऐक, मी हे एकदाच सांगणार.
डावी बाजू, वरून चौथी फळी, शेगडीच्या मागे.
तळहाताएवढं लाकूड भुसभुशीत झालं होतं.
मी ते खरवडलं, लांबी भरली,
वर निळ्याचे तीन हात दिले,
आणि तिसरा देताना माझा हात
थरथरला नाही, हे अजून आठवतं.
त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
तोंड न उघडता दोघं मिळून एक खोटं बोललो.

तेव्हापासून रोज सकाळी तो धक्क्यावरून मला हात करतो.
कळलं असेल का त्याला?
त्या हात करण्यात मी पुष्कळदा शोधलं.
हातमोज्यातून काही दिसत नाही.

तिथे ठोकून बघ, चाकूच्या मुठीनं, हळू.
टणक वाजली तर त्यानं फळी बदलली,
स्वतःच्या पैशानं, एक शब्द न काढता.
बद्द वाजली तर माझ्या तीन हातांवर
त्याचेही दोन-तीन चढलेले आहेत;
मग किंमत वीस हजारांनी खाली आण,
माझं नाव घेऊन आणलीस तरी चालेल.

घेऊ की नको, ते मला विचारू नकोस.
लाटेत ती डोकं वर काढून चालते, एवढं खरं.
फेब्रुवारीतल्या एका रात्री, बर्फ दोरांवर गोठत असताना,
यालमारला आणि मला तिनं घरी आणलं,
आणि फळी तेव्हाही कुजलेलीच होती.

चाकू परत आण.
ती कशी वाजली ते सांगायला
धावत येऊ नकोस मात्र,
आधी घरी जाऊन जेवून घे.