पार्ट नंबर

उद्यमनगरात सेकंड शिफ्ट सुटली,
सव्वाबारा झाले होते.
लेथ पुसली, चुरा गोळा केला
आणि घरी जायचं सोडून
कूलंटच्या पिंपावर बसून राहिलो.
तीन महिने झोप नव्हती. म्हणजे होती,
पण उसनी आणल्यासारखी, लगेच परत द्यायची.

फोनची काच तडकलेली. तिच्या फटीतनं
टाइप केलं : झोप येत नाही उपाय.
ब्राह्मी तेल आलं, गादीची जाहिरात आली,
कुठल्याशा बाबांचा अंगारा, घरपोच.
मग खरा शब्द टाइप केला,
अर्धाच.
पुसला. मागं वळून बघितलं.
मागं नुसती कास्टिंगची चळत,
शिरोलीच्या फौंड्रीतनं आलेली.

आमच्याकडं असलं काही होत नाही.
आमच्याकडं ताटात तांबडा वाढतात,
‘धडधाकट हाईस की लेका’ म्हणतात,
पाठीत एक धपाटा घालतात.
त्या धपाट्यात माया असते, हे मला कबूल आहे.

पहिला नंबर लावला.
रेकॉर्डवरची बाई म्हणाली,
आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.
मला वाटलं, कळलं हिला.

दुसरा : सकाळी दहा ते पाच, रविवारी बंद.
असेल कुणाचं दुःख बँकेच्या वेळेत येणारं.

तिसरा उचलला, पण पलीकडं हिंदी.
माझ्याजवळ हिंदी आहे ती
ट्रकवाल्याशी बोलण्यापुरती,
माल उतरवून घेण्यापुरती.
हे उतरवायला पुरत नव्हती.

चौथा पाचच आकडी. एक चार चार एक सहा.
एवढ्याशा नंबरावर कोण बसलेलं असणार?
भाषा विचारली, मराठी दाबलं.
बराच वेळ नुसतं वाजत राहिलं.
ठेवणार, तेवढ्यात
‘बोला.’

बोलता कुठं येतंय.
तिनं घाई केली नाही.
‘मी आहे लाईनवर,’ एवढंच.
तिच्या मागं एक पंखा कुरकुरत होता.
मी तो पंखा ऐकत बसलो.

मग तिनं सरळच विचारलं,
‘जीव द्यावा असं मनात येतं का?’
जेवलात का विचारावं, तशा आवाजात.
माझ्या देखत हे कुणी
मोठ्यानं म्हटलंच नव्हतं कधी.
व्हय, म्हणालो.
पत्रा कोसळला नाही.

तिला मी ब्लोहोल सांगितला.
म्हटलं, मॅडम, जॉब वरनं चकचकीत असतोय,
वजनाला बरोबर, मापाला बरोबर,
टूल आत शिरलं की भोक उघडं पडतंय.
ओततानाच वायू अडकलेला असतोय.
त्यात जॉबची चूक नसते.
ती म्हणाली, ‘शेवटचं वाक्य
परत एकदा सांगा.’

जवळ कोण आहे, विचारलं.
तोंडातनं इर्शादचं नाव निघालं.
पण रात्री एकला कुणाला उठवायचं...
‘उठवा,’ म्हणाली.

इर्शाद मुल्लाणी आला, लुंगीवर,
पेट्रोल संपलेली मोपेड ढकलत.
काय झालं विचारलं नाही. शेडची किल्ली
माझ्या हातातनं काढून स्वतःच्या खिशात टाकली.
पहाटे गंगावेशीत म्हशी उभ्या राहिल्या,
धारोष्ण दुधाचा ग्लास त्यानं पुढं केला,
मी प्यालो, कारण तो धरून उभा होता.
दहाला सीपीआर. केसपेपरच्या रांगेत
पुढं तोच.

बरा झालो म्हणत नाही.
गोळ्या चालू आहेत, मापानं.
काही रात्री अजून त्या पिंपावर जातात.
फक्त टूलच्या कपाटाला, दाराच्या आतनं,
मापांच्या गर्दीत खडूनं तो नंबर लिहिलाय.
पोरं विचारतात, मिस्त्री, हा कुठला पार्ट?
मी म्हणतो, लागला तर असू दे.

परवा कपाट उघडलं
तर आकडे पुसटलेले,
शेजारी तेलकट अंगठ्याचा ठसा.
माझा नव्हे, माझ्या अंगठ्याला वण आहे.
कुणाचा, ते शोधलं नाही.
खडू घेतला
आणि परत गिरवला, जरा मोठा.